रिपीटर उभारताना: अँटेनांमधलं अंतर, फ्रिक्वेन्सींमधलं अंतर

"दोन अँटेनांमध्ये किती फूट ठेवायचे?" एखाद्या हौशी रेडिओ (हॅम) क्लबने रिपीटरचं, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच त्याच क्षणी दुसरीवर पुन्हा सोडणाऱ्या स्टेशनचं, मनावर घेतलं की मला येणारा पहिला फोन हा असतो. मी उलट तीन गोष्टी विचारतो. बँड कुठला? इनपुट (ऐकायची फ्रिक्वेन्सी) आणि आउटपुट (बोलायची) यांत फरक किती? आणि ट्रान्समीटर म्हणून कुठला संच लावताय? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा "जो हाताशी आहे तो" असं उत्तर येतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

साताऱ्यात वायरलेस संच दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. आधी साखर कारखान्यांचे बेस स्टेशन आणि गाड्यांतले संच, मग हळूहळू हॅम मंडळींचे रिपीटर. त्यामुळे पुढचं सगळं दुकानातल्या टेबलावरून आणि टॉवरच्या पायथ्यावरून लिहिलेलं आहे. डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस परवाना विभागाची) परवानगी, जागेचा करार, बॅटऱ्या, सोलर हे विषय मी इथे घेत नाही. फक्त एकच प्रश्न: आपलाच ट्रान्समीटर आपल्याच रिसीव्हरला बहिरा करणार नाही, याची सोय कशी करायची.

उदाहरण पक्कं धरू. २ मीटर बँड, आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. आउटपुट १४५.७००, इनपुट १४५.१००, म्हणजे नेहमीचा उणे ६०० किलोहर्ट्झचा फरक. ट्रान्समीटर २५ वॅटचा. रिसीव्हर साधाच, पाव मायक्रोव्होल्टला कानाला स्वच्छ ऐकू येणारा. कुणी हँडीवरून (हातातल्या संचावरून) १४५.१०० वर बोलला की त्याच क्षणी रिपीटर १४५.७०० वर २५ वॅट सोडणार, आणि तरीही तो पाव मायक्रोव्होल्ट त्याला ऐकू येत राहिला पाहिजे.

नाही ऐकू आला तर काय होतं? लांबचा कमजोर स्टेशनवाला पीटीटी (बोलायचं बटण) दाबतो, रिपीटरचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार) उघडतो, ट्रान्समीटर वर येतो. ट्रान्समीटर वर आला की रिसीव्हर दबतो, सिग्नल बुडतो, स्क्वेल्च बंद, ट्रान्समीटर खाली. खाली गेला की सिग्नल पुन्हा दिसतो, पुन्हा उघडतो. रिपीटर असा उघडझाप करायला लागला की समजायचं, डिसेन्स आहे, म्हणजे आपल्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हरला कमी ऐकू येतंय. पण डिसेन्स थोडा असेल तर ही उघडझापही होत नाही. नुसता रिपीटर "कमी ऐकतो", आणि मंडळी अँटेनाला दोष देत बसतात.

आधी कागद

रिसीव्हरला दोन वेगवेगळे त्रास होतात, आणि ते वेगळे धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला त्रास कॅरियरचा, म्हणजे आपल्याच ट्रान्समीटरच्या मुख्य सिग्नलचा. रिसीव्हर १४५.१०० वर लावलेला असला तरी त्याच्या पुढच्या टप्प्यात १४५.७०० चा दांडगा सिग्नल घुसतो आणि त्याला दाबतो. दुसरा त्रास ट्रान्समीटरच्या गोंगाटाचा. कुठलाही ट्रान्समीटर फक्त आपल्या फ्रिक्वेन्सीवर बोलत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना गोंगाटाची पसरट झूल असते, आणि तिचा एक तुकडा बरोबर १४५.१०० वर, तुमच्या इनपुटवर पडलेला असतो.

कॅरियरचा बंदोबस्त रिसीव्हरच्या बाजूला करता येतो: १४५.७०० ला खाच पाडणारा, म्हणजे नेमकी तीच फ्रिक्वेन्सी अडवणारा, फिल्टर लावला की झालं. गोंगाटाचा नाही करता येत. तो इनपुटच्याच फ्रिक्वेन्सीवर आहे, फिल्टर त्याला हव्या सिग्नलपासून वेगळा कसा काढणार? गवळ्याने दुधात पाणी घातलं असेल तर ते घरच्या गाळणीने निघत नाही, तसंच. त्याचा बंदोबस्त ट्रान्समीटरच्याच बाजूला, ट्रान्समीटर आणि अँटेनाच्या मधे व्हायला हवा. रिसीव्हरला महागडे फिल्टर लावून "तरी काही फरक नाही" म्हणणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात.

आता आकडे. १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर, ३ म्हणजे दुप्पट; डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत. २५ वॅट म्हणजे +४४ डीबीएम. पाव मायक्रोव्होल्ट, ५० ओहमला, म्हणजे −११९ डीबीएम. अशा रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट साधारण −१२६ डीबीएमच्या आसपास बसतो.

कॅरियरचा हिशेब: समजा ६०० किलोहर्ट्झवरचा सिग्नल −३० डीबीएमपर्यंत असेल तोवर रिसीव्हर दबत नाही. ४४ अधिक ३०, म्हणजे ७४ डेसिबलचं आयसोलेशन (दोघांमधली अडवणूक) हवं.

गोंगाटाचा हिशेब: समजा ट्रान्समीटरचा गोंगाट ६०० किलोहर्ट्झवर, रिसीव्हरच्या चॅनेलइतक्या रुंदीत मोजला, तर कॅरियरच्या ९५ डेसिबल खाली आहे. ४४ वजा ९५, म्हणजे −५१ डीबीएम. तो रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाइतकाच, −१२६ ला आणून ठेवला तर एकूण गोंगाट दुप्पट होतो आणि ३ डेसिबलचा डिसेन्स होतो. तो आणखी ६ डेसिबल खाली, −१३२ ला नेला तर डिसेन्स १ डेसिबलवर येतो, तो मी खपवून घेतो. −५१ पासून −१३२ पर्यंत ८१ डेसिबल.

म्हणजे गोंगाटाला ८१, कॅरियरला ७४. मी लक्ष्य ८५ धरतो. यातले ३० आणि ९५ हे माझे गृहीत आकडे आहेत. तुमच्या संचाचे वेगळे असतील. स्वस्त सिंथेसायझरवाल्या मोबाइल संचाचा गोंगाट १० डेसिबल जास्त निघाला तर गरज थेट ९१ वर जाते. म्हणून तो तिसरा प्रश्न: ट्रान्समीटर कुठला? जुना, क्रिस्टलवर चालणारा व्यावसायिक संच भंगारात मिळाला तर रिपीटरसाठी तो चकचकीत नव्या संचापेक्षा बरेचदा सरस ठरतो.

पॉवर वाढवायचा मोह होईल. २५ चे ५० वॅट केले की दोन्ही आकड्यांत ३ डेसिबल वाढतात, आणि हँडीवाल्याच्या ५ वॅटना त्याचा काडीचा उपयोग नाही. ज्याला रिपीटर ऐकू येतो पण रिपीटरला जो ऐकू येत नाही, असा माणूस मिनिटामिनिटाला कॉल करून सगळ्यांचं डोकं खातो.

उभं अंतर आणि आडवं अंतर

आता फूट. दोन उभ्या अँटेना एकाच रेषेत, एकीच्या डोक्यावर दुसरी असतील, तर आयसोलेशनचा अंदाज असा:

२८ + ४० × लॉग (अंतर ÷ तरंगलांबी)

त्याच अँटेना शेजारी शेजारी, एकाच उंचीवर असतील, तर:

२२ + २० × लॉग (अंतर ÷ तरंगलांबी) − दोन्ही अँटेनांचा एकमेकींच्या दिशेचा गेन

लॉग १० पायाचा; गेन, म्हणजे अँटेना एखाद्या दिशेला किती जोर लावते ते, डीबीआयमध्ये. १४५.५ ला तरंगलांबी २.०६ मीटर. साधा डायपोल असेल तर गेन प्रत्येकी २.१५.

उभं अंतर ३ मीटर ठेवलं तर साधारण ३४ डेसिबल मिळतात, ६ मीटरला ४७, १२ मीटरला ५९, २० मीटरला ६७. आडवं अंतर ३० मीटर ठेवलं तर फक्त ४१. आडवे १०० मीटर नेले तरी ५१. म्हणजे शंभर मीटर आडवी केबल ओढून जे मिळत नाही ते टॉवरवर १२ मीटर वर-खाली करून मिळतं. कारण उभ्या डायपोलच्या डोक्यावर आणि पायाशी किरण जवळजवळ निघतच नाहीत. शेजारी मात्र तो पूर्ण ताकदीने ओरडतो. अंतर दुप्पट केलं की उभ्यात १२ डेसिबल वाढतात, आडव्यात ६.

नुसत्या अंतराने ८१ डेसिबल मिळवायचे म्हटलं तर उभे ४४ मीटर लागतात. आडवे असतील तर डायपोलला ३ किलोमीटर, आणि ६ डीबीआयच्या उंच अँटेना असतील तर ७.३ किलोमीटर! याचा सरळ अर्थ असा, की २ मीटरवर ६०० किलोहर्ट्झचा रिपीटर एका जागेवर नुसत्या अंतराने होत नाही. अंतर मदत करतं, आणि उरलेलं काम फिल्टर करतात.

या सूत्रांवर डोळे मिटून विसंबू नका. उभ्याचं सूत्र अँटेना खरंच एका रेषेत असतील तरच लागू पडतं. एक अँटेना टॉवरच्या या पायाला आणि दुसरी त्या पायाला बाहेर हात काढून बसवली की आकडा घसरतो. उंच कोलिनियर (एकावर एक रचलेल्या डायपोलची अँटेना) असेल तर मी अंतर खालच्या अँटेनाच्या टोकापासून वरच्या अँटेनाच्या बुडापर्यंत मोजतो, म्हणजे हिशेब चुकलाच तर सुरक्षित बाजूने चुकतो. लोखंडी टॉवर स्वतः सिग्नल वाहून नेतो, केबल गळतात. सूत्र ७५ म्हणालं तरी प्रत्यक्षात ६० ते ६५ च्या पुढे मी सहसा धरत नाही.

सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी एक गोष्ट आहे. वरच्या अँटेनाची केबल खाली येताना खालच्या अँटेनाच्या अगदी अंगावरून जाते. मधलं सगळं अंतर त्या केबलच्या जाळीने पोकळ करून टाकलेलं असतं. वरची केबल टॉवरच्या पलीकडच्या पायावरून, शक्यतो आतल्या बाजूने उतरवा. अँटेनाच्या खाली लगेच फेराइटचे मणी किंवा केबलची गुंडाळी करून चोक करा, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा सिग्नल अडेल. जे-पोल आणि स्लिम जिम या अँटेना घरी करायला सोप्या म्हणून सगळ्यांच्या आवडत्या, पण चोक नसेल तर त्यांची केबलही अँटेनाचं काम करू लागते. रिपीटरला मी साधा डायपोल किंवा फोल्डेड डायपोल पसंत करतो.

डोंगरावर उंची कशासाठी वापरायची

सह्याद्रीत रिपीटर लावणाऱ्यांना हे खास सांगायचं आहे. १५ मीटरचा मास्ट मिळाला की पहिली इच्छा असते दोन्ही अँटेना जितक्या वर जातील तितक्या नेण्याची. क्षितिजाचा हिशेब करून पाहा. खालच्या सपाटीपासून डोंगर ३०० मीटर उंच असेल तर रेडिओ क्षितिज साधारण ७१ किलोमीटरवर असतं. अँटेना डोंगरमाथ्याच्या वर १२ मीटर असेल तर ते ७३ होतं, २४ मीटर असेल तर ७४. म्हणजे टॉवरचे ते वाढीव १२ मीटर पल्ल्यात जेमतेम दीड किलोमीटर देतात, पण त्याच १२ मीटरने दोन अँटेना एकमेकींपासून लांब केल्या तर ५९ डेसिबल देतात.

म्हणून डोंगरावर मास्टची उंची पल्ल्यासाठी नको, अँटेना वेगळ्या करण्यासाठी वापरा. रिसीव्हरची अँटेना वरच्या टोकाला, ट्रान्समीटरची खाली, जमिनीपासून दोनेक मीटरवर. पल्ला डोंगर देतोच आहे. सपाटीवर, गावातल्या पाण्याच्या टाकीवर किंवा शाळेच्या गच्चीवर हे गणित उलटं होतं. तिथे प्रत्येक मीटर मोलाचा, आणि तिथे एक अँटेना व चांगला डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर इनपुट-आउटपुट वेगळे ठेवणारा फिल्टरांचा संच) हाच मार्ग.

उरलेले डेसिबल

आपल्याला ८५ हवेत, १२ मीटर उभ्या अंतराने ५९ मिळाले. उरले २६. हे प्रत्येक बाजूला एका चांगल्या कॅव्हिटीचं (धातूच्या नळकांड्याच्या तीक्ष्ण फिल्टरचं) काम आहे. ट्रान्समीटरच्या लाइनमध्ये एक कॅव्हिटी, १४५.७०० जाऊ देणारी आणि १४५.१०० ला खाच पाडणारी. ती गोंगाट मारते. रिसीव्हरच्या लाइनमध्ये एक, उलटी जुळवलेली. ती कॅरियर मारते. प्रत्येकीकडून तीसेक डेसिबल मिळाले की हिशेब पुरा. एकाच अँटेनावर जायचं असेल तर सगळे ८५ डेसिबल डुप्लेक्सरकडूनच हवेत, म्हणजे चार किंवा सहा मोठ्या कॅव्हिटी. त्या विकत घ्यायच्या तर क्लबची वर्गणी पुरत नाही.

"डुप्लेक्सर" म्हणून हातात मावणारा चपटा डबा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तो मोबाइल संचांसाठी, पाच-दहा मेगाहर्ट्झच्या फरकासाठी केलेला असतो. ६०० किलोहर्ट्झवर तो चालत नाही. विकणारा काहीही म्हणो.

कॅव्हिटी घरी करता येते. पाव तरंगलांबीची, आत साधारण ५१ सेंटीमीटरचा दांडा. बाहेरच्या नळीचा व्यास आणि आतल्या दांड्याचा व्यास यांचं प्रमाण ३.६ च्या जवळ ठेवलं की क्यू (फिल्टरची तीक्ष्णता) सर्वांत चांगला मिळतो. म्हणजे १५० मिलिमीटरच्या नळीत ४२ मिलिमीटरचा दांडा. नळी जितकी जाड तितका क्यू जास्त आणि खाच तितकी तीक्ष्ण. तांब्याचा पत्रा वळवून, सांधून देणारा कारागीर शोधा. पुण्यात असाल तर तांबट आळीत विचारून पाहायला हरकत नाही. भांडी घडवणाऱ्या हाताला नळकांडं काही जड नाही. फक्त सांधा आतून गुळगुळीत हवा आणि दांड्याच्या बुडाशी जोड पक्का, कारण सगळा करंट तिथेच वाहतो.

पण तापमान विसरू नका. तांबं दर अंशाला दहा लाखात १७ भाग वाढतं. १४५ मेगाहर्ट्झवर याचा अर्थ, सगळा दांडा तांब्याचा असेल तर कॅव्हिटी दर अंशाला अडीच किलोहर्ट्झ सरकते. डोंगरावरच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये पहाट आणि दुपार यांत २० अंशांचा फरक सहज पडतो: ५० किलोहर्ट्झ. खाच इतकी अरुंद असते की एवढ्या सरकण्याने मिळवलेले डेसिबल हातचे जातात. अॅल्युमिनियमचा दांडा असेल तर हे सरकणं ६५ किलोहर्ट्झच्या वर. म्हणून चांगल्या कॅव्हिटीत लांबी ठरवणारी सळई इन्व्हारची (लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची) असते. इन्व्हार तांब्याच्या जेमतेम चौदाव्या हिश्श्याने वाढतं. इन्व्हार नाही मिळालं तर निदान खोलीला सावली आणि वारा द्या, आणि कॅव्हिटी छताच्या पत्र्याला टेकवू नका.

एका बाजूला दोन कॅव्हिटी लावल्या तर मधली केबल पाव तरंगलांबीची, विजेच्या मापाने (केबलमध्ये लहर हळू धावते). भरीव पॉलिथिनच्या केबलला ती ३४ सेंटीमीटर येते, पण त्यात कनेक्टर आणि आतल्या लूपची लांबीही धरायची असते, म्हणून प्रत्यक्ष केबल आखूड कापावी लागते. थोडी लांब ठेवा, मोजा, कापत जा.

जुळवायला हल्ली नॅनोव्हीएनए (फिल्टर-अँटेना मोजायचं छोटं स्वस्त यंत्र) सगळ्यांकडे असतो. पास कुठे, लॉस किती, हे त्यावर छान दिसतं. पण त्याची पोच या बँडवर साधारण ७० डेसिबलची. एका कॅव्हिटीची खाच दिसेल. पूर्ण डुप्लेक्सरची ९० ची खाच त्याच्या स्वतःच्या गोंगाटात बुडालेली असेल आणि तुम्हाला वाटेल जुळवून झालं. तिथे सिग्नल जनरेटर, कॅव्हिटी, आणि पुढे एक संवेदनशील रिसीव्हर अशी मांडणी करा आणि कानाने खाच शोधा.

डुप्लेक्सरमध्ये दीड डेसिबल लॉस झाला तर २५ वॅटचे पावणेअठरा उरतात. यावर हळहळू नका. डिसेन्स ६ डेसिबलने कमी झाला तर रिपीटरला मिळणारा फायदा त्याहून किती तरी मोठा.

फ्रिक्वेन्सींमधलं अंतरच वाढवलं तर?

रास्त प्रश्न. फरक वाढला की गोंगाट उतरतो, रिसीव्हर कमी दबतो, कॅव्हिटीचं काम हलकं होतं. २ मीटरवर मेगाहर्ट्झभर फरक ठेवता येईल का? बँडच जेमतेम दोन मेगाहर्ट्झचा. खालचं टोक एसएसबी-सीडब्ल्यूच्या (एका प्रकारचा आवाज आणि मोर्स) कमजोर सिग्नलवाल्यांचं, वरचे १४५.८ ते १४६ उपग्रहांचे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज १४५.८०० वरच उतरतो. मधे १ मेगाहर्ट्झ बसवता येतो, पण गावोगावच्या हँडींमध्ये ६०० चा फरक आधीच भरलेला असतो. मी ६०० च ठेवतो आणि मेहनत फिल्टरवर करतो.

७० सेंटीमीटर बँडचं (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) गाजर मात्र नीट पारखून घ्या. तिथे तरंगलांबी ६९ सेंटीमीटर, त्यामुळे १० मीटर उभ्या अंतरात सूत्राने ७४ डेसिबल निघतात. अमेरिकेत तिथे ५ मेगाहर्ट्झचा फरक असतो, युरोपात अनेक ठिकाणी ७.६ चा. तिथले नकाशे उतरवून घेणारे इथे फसतात, कारण आपल्याला ४३४ ते ४३८ एवढाच बँड आहे, एकूण ४ मेगाहर्ट्झ. त्यातला ४३५ ते ४३८ हा तुकडा जगभर हॅम उपग्रहांचा. तिथे डोंगरावरून २५ वॅट ओतले तर उपग्रह ऐकणाऱ्यांच्या शिव्या खाव्या लागतील. उरला ४३४ ते ४३५. एक मेगाहर्ट्झच्या आत इनपुट-आउटपुट बसवायचे म्हणजे ५ मेगाहर्ट्झचा सगळा फायदा गेला. म्हणून पहिला रिपीटर २ मीटरवरच करा असं माझं मत आहे.

एक मधला रस्ता आहे: क्रॉसबँड. ४३४ वर ऐकायचं, १४५ वर बोलायचं. एवढ्या फरकाला कॅव्हिटी लागत नाही, साधा डायप्लेक्सर (दोन बँड वेगळे करणारा फिल्टर) आणि लो-पास फिल्टर पुरतो. पण १४५ ची तिप्पट ४३५ होते! २ मीटरवरच्या ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीवर निघणारा नको असलेला सिग्नल) थेट ७० सेंटीमीटरच्या बँडमध्ये पडतो. १४५.७०० ची तिप्पट ४३७.१००, तेव्हा ४३४.५०० वर ऐकलं तर तो लांब राहतो. पण आउटपुट १४४.७ ते १४५ च्या दरम्यान घेतलं तर हार्मोनिक नेमका ४३४ ते ४३५ मध्ये येतो. आधी तीनने गुणून पाहा, मग फ्रिक्वेन्सी ठरवा.

सिंहगडासारख्या, आधीच टॉवर असलेल्या डोंगरावर जागा मिळाली तर आणखी एक गुणाकार करा. शेजाऱ्याची फ्रिक्वेन्सी विचारून घ्या, कारण दोन ट्रान्समीटरांचे सिग्नल मिसळून तिसरीच फ्रिक्वेन्सी तयार होऊ शकते. समजा कुणाचा ट्रान्समीटर १४६.३ वर आहे. तुमच्या आउटपुटची दुप्पट २९१.४, त्यातून १४६.३ वजा केले तर उरतात १४५.१. तुमचंच इनपुट. दोघे एकाच वेळी बोलले की रिपीटर वेड्यासारखा उघडणार, आणि याला कॅव्हिटी पुरणार नाही. ट्रान्समीटरला आयसोलेटर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावा लागेल किंवा जोडी बदलावी लागेल.

केबल, कनेक्टर, गंज

एकेरी जाळीची आरजी-५८ किंवा आरजी-२१३ गळते. ८५ डेसिबलच्या खेळात ही गळती दिसते. रॅकमधल्या सगळ्या छोट्या दोऱ्या दुहेरी जाळीच्या: आरजी-२२३, आरजी-१४२, आरजी-४००. टॉवरवर अर्धा इंची हार्डलाइन (जाळीऐवजी अखंड धातूच्या आवरणाची केबल) मिळाली तर उत्तम. मोबाइल कंपन्यांचे टॉवर उतरतात तेव्हा तिचे तुकडे भंगारवाल्याकडे दिसतात. एलएमआर-४०० कमी लॉसची म्हणून लोक हौसेने आणतात. साध्या स्टेशनला ती झकास, रिपीटरला नको. तिच्यात अॅल्युमिनियमच्या पन्नीवर कलई केलेल्या तांब्याची जाळी घासत असते, आणि एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं चालू असताना तीच गोंगाट करते. कनेक्टर एन जातीचे घ्या, पीएल-२५९ नकोत.

गंजलेला यू-बोल्ट, सैल ताण-तार, पत्र्याच्या छपराचा हलणारा कोपरा, हे सगळे ट्रान्समीटरच्या सिग्नलमध्ये डायोडसारखे वागतात. ओळख सोपी: वारा सुटला की खरखर वाढते, वारा पडला की गप्प. फिल्टरने ती जात नाही. पाना घेऊन वर चढावं लागतं.

तपासणी, याच क्रमाने

टॉवरवर काहीही नेण्याआधी सगळं टेबलावर मांडा. ट्रान्समीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर), रिसीव्हर सिग्नल जनरेटरवर. जेमतेम ऐकू येईल असा सिग्नल १४५.१०० वर द्या आणि ट्रान्समीटरची की दाबा. आवाजात खरखर वाढली? मग दोष डब्यातच आहे: संचांची प्लॅस्टिकची तोंडं, उघड्या वायरी, एकाच सप्लायवरून चाललेली गळती. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर वेगळ्या धातूच्या पेट्यांत बंद करा, सप्लायच्या आणि ऑडिओच्या वायरी फीडथ्रू कपॅसिटरमधून आत न्या. हे टेबलावर शून्य झाल्याशिवाय डोंगर चढू नका. बहुतेक "अँटेनाचे" दोष इथेच सापडतात.

नंतर अँटेना जोडून. अँटेना आणि रिसीव्हरच्या मधे डायरेक्शनल कपलर घालून जनरेटरचा सिग्नल त्यातून सोडा. ट्रान्समीटर बंद असताना सिग्नल कितीला जेमतेम ऐकू येतो, ती पातळी टिपा. मग की दाबा, आणि आवाज पुन्हा तितकाच होईपर्यंत जनरेटर वाढवा. जेवढे डेसिबल वाढवावे लागले तेवढा डिसेन्स. जनरेटर नसेल तर लांब उभ्या असलेल्या एखाद्या मित्राला कमी पॉवरवर बोलत ठेवा आणि तुमच्या ट्रान्समीटरची की दाबा-सोडा. आकडा मिळणार नाही, पण खरखर कळेल.

डिसेन्स निघाला तर गोंगाट की कॅरियर हे ठरवा. हातातली जादा कॅव्हिटी आधी ट्रान्समीटरच्या लाइनमध्ये घाला. सुधारलं तर गोंगाट. नाही सुधारलं तर तीच उलटी जुळवून रिसीव्हरच्या लाइनमध्ये घाला. सुधारलं तर कॅरियर. दोन्हीकडे काहीच फरक नाही तर फिल्टरला वगळून कुठून तरी वाट फुटली आहे. केबल, पेटी किंवा गंज.

हा डिसेन्सचा आकडा, तारीख आणि त्या वेळचं तापमान रॅकच्या दारावर आतून चिकटवलेल्या कागदावर लिहा. पावसाळ्यात चार महिने डोंगर ढगात असतो, कनेक्टरमध्ये ओल शिरते, म्हणून मेअखेर प्रत्येक जोडावर स्वतःत विरघळून एकजीव होणारी रबरी टेप, तिच्यावर काळी टेप, आणि केबल खोलीत शिरण्याआधी खाली एक वळसा, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल. ऑक्टोबरात वर गेलात की तीच चाचणी पुन्हा घ्या. आकडा ३ डेसिबलच्या वर वाढला असेल तर कॅव्हिटीला हात लावू नका. आधी वरच्या अँटेनाचा कनेक्टर उघडून आत हिरवट झालंय का ते बघा.